पाच टनांची बार्शी लाइट

लातूरहून निघून बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर, सांगोला, कवठे महांकाळ असं करत मिरजेला पोहोचणारी 202 मैलांची, म्हणजे सुमारे 325 किलोमीटरची एक रेल्वे आपल्याकडे होती. तिच्या दोन रुळांमधलं अंतर होतं 762 मिलिमीटर. अडीच फूट! ब्रॉडगेजचे रूळ 1676 मिलिमीटरवर असतात, म्हणजे दुपटीहून जास्त. एवढ्याशा पायावर उभ्या राहिलेल्या या गाडीने एका जिल्ह्याची नव्हे, तर मराठवाडा, सोलापूर आणि दक्षिण महाराष्ट्र अशा तीन मुलखांची मोट बांधली. लोक तिला ‘बार्शी लाइट’ म्हणत. कंपनीचं अधिकृत नावही तेच होतं, बार्शी लाइट रेल्वे.

छोटी गाडी म्हटली की आपल्याला माथेरान आठवतं: डोंगर, वळणं आणि खिडकीतून बाहेर डोकावणारी मुलं. बार्शी लाइट त्या जातीची नव्हती. ती कापसाच्या गाठी, तेलबिया आणि धान्य वाहायला जन्मली. तिच्यामागे एका माणसाचा विचार होता आणि तो विचार होता वजनाविषयी.

त्या माणसाचं नाव एव्हरार्ड कॅलथ्रॉप. जन्म 1857 चा. इंग्लंडमध्ये इंजिनांच्या कारखान्यात उमेदवारी करून तो 1882 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत नोकरीला लागला. या कंपनीचा मुंबईहून सोलापूरकडे जाणारा मुख्य मार्ग बार्शीला बाजूला टाकून गेला होता. बार्शी ही त्या काळची मोठी बाजारपेठ, पण रेल्वेचं जवळचं स्टेशन वीसेक मैलांवर. त्या स्टेशनाला ‘बार्शी रोड’ म्हणत. आज आपण त्याला कुर्डुवाडी म्हणून ओळखतो. मधलं सगळं अंतर बैलगाडीने तोडायचं. पावसाळ्यात काळ्या चिकण मातीत चाकं रुतली की माल तिथेच अडकायचा. एवढ्या मालासाठी मुख्य मार्गासारखी जाडजूड लोहमार्गाची फाटी टाकणं परवडणारं नव्हतं. मग स्वस्तात काय टाकता येईल?

स्वस्त म्हणजे अरुंद, असं उत्तर चटकन सुचतं आणि त्यात तथ्यही आहे. भराव अरुंद, पूल अरुंद, जमीन कमी. वळणांचा फायदा तर थक्क करणारा आहे. रेल्वेची दोन चाकं एका लोखंडी दांड्यावर, म्हणजे अ‍ॅक्सलवर, घट्ट बसवलेली असतात. दोन्ही एकाच गतीने फिरतात. वळणावर मात्र बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. किती जास्त? गंमत अशी, की हा फरक वळण लांबरुंद आहे की आखूड यावर अवलंबून नसतो. काटकोनात वळायचं असेल तर ब्रॉडगेजवर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे 2.6 मीटर जास्त चालतं. अडीच फुटी मार्गावर फक्त 1.2 मीटर. चाकांच्या कडांना दिलेला उतार हा फरक काही प्रमाणात सांभाळून घेतो. फरकच मुळात कमी असेल, तर तो आखूड जागेतही सांभाळता येतो. म्हणून अरुंद गाडी टेकाडाला वळसा घालून जाते आणि बोगद्याचा खर्च वाचवते.

पण नुसतं रूळ जवळ आणून कॅलथ्रॉपचं समाधान झालं नाही. रुळाची जाडी कशावर ठरते, हा त्याचा खरा प्रश्न होता. ती गाडीच्या एकूण वजनावर ठरत नाही. एका अ‍ॅक्सलवर जास्तीत जास्त किती भार येतो यावर ठरते. लहान रेल्वेमार्गांवर नेहमी काय व्हायचं, तर डबे हलके आणि इंजिन जड. मग दिवसातून काही वेळा जाणाऱ्या एका इंजिनासाठी सगळा मार्ग मजबूत करावा लागे आणि डबे मात्र त्या मजबुतीचा पुरता उपयोग न करता रिकाम्या ताकदीवरून धावत. कॅलथ्रॉपने ठरवलं की आपल्या रेल्वेत प्रत्येक अ‍ॅक्सलवर, मग तो इंजिनाचा असो वा मालाच्या वाघिणीचा, भार पाच टनच. ना कमी, ना जास्त. या एका आकड्यातून बाकी सगळं निघालं. रूळ यार्डाला 30 पौंडांचा पुरला, म्हणजे मीटरला सुमारे 15 किलो. आजच्या मुख्य मार्गांवर मीटरला 60 किलोचा रूळ असतो.

मला स्वतःला हा आकडा फार सुंदर वाटतो. बैलगाडीची सवय असलेल्या मुलखात एका इंजिनिअरने पाच टनांची मर्यादा आखली आणि ती पाळण्यासाठी प्रत्येक नट-बोल्टाचा नव्याने विचार केला. वाघिणींचे सांगाडे त्याने लीड्सच्या कारखान्यात पोलादी पत्रा दाबून घडवले, म्हणजे सांगाडा हलका आणि माल जास्त. चार अ‍ॅक्सलची वाघीण, म्हणून भरल्यावर एकूण वजन 20 टन; त्यातलं स्वतःचं जितकं कमी, तितकी कमाई अधिक. इंजिनं लीड्सच्याच किटसन कंपनीची. सहा अ‍ॅक्सल, त्यातल्या चार जोड्या ओढणाऱ्या. इंजिनाचं सगळं वजन 30 टनांच्या आत. ओढण्याची ताकद ओढणाऱ्या चाकांवर किती भार आहे यातून येते. इथे तो भार चार अ‍ॅक्सलवर वाटून 20 टनांपर्यंत नेला होता आणि तरीही रुळाला कुठेही पाच टनांपेक्षा जास्त सोसावं लागत नव्हतं. भारतात पाठवण्याआधी 1897 मध्ये लीड्सजवळच्या न्यूले इथे खास रूळ टाकून त्याने ही गाडी लोकांना चालवून दाखवली.

कंपनी 1895 मध्ये लंडनला स्थापन झाली आणि 1897 मध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी धावू लागली. पुढचा विस्तार सावकाश, पण पक्का होता. 1906 मध्ये दुसऱ्या दिशेला पंढरपूर. 1907 मध्ये बार्शीहून पूर्वेला, बालाघाटच्या डोंगररांगेतून येडशीवरून तडवळे. 1911 मध्ये निजामाच्या राज्यातलं लातूर. ब्रिटिश मुलूख आणि निजामाचं राज्य यांच्यातली सीमा ओलांडून लातूरचा माल आता थेट मुंबईच्या मार्गाला लागला. लातूरची बाजारपेठ पुढे नावारूपाला आली, त्यात या अडीच फुटी रुळांचा वाटा मोठा होता.

पंढरपूरच्या फाट्याने गाडीचा स्वभावच बदलला. एरवी माल वाहणाऱ्या रेल्वेवर आषाढी-कार्तिकीला माणसांचा महापूर यायचा. डब्यात जागा संपली की वारकरी टपावर चढायचे. टाळ, पताका, डोक्यावरची गाठोडी घेऊन टपावर दाटीने बसलेल्या माणसांची छायाचित्रं आजही पाहायला मिळतात आणि ती पाहताना खालच्या त्या अरुंद रुळांकडे पुन्हा पुन्हा नजर जाते.

1927 मध्ये मार्ग पंढरपूरहून मिरजेला पोहोचला आणि जाळं पुरं झालं. त्याच वर्षी कॅलथ्रॉप वारला.

मधल्या काळात हा माणूस कुठे कुठे पोहोचला, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. दोन गेज भेटतात तिथे प्रत्येक पोतं एका गाडीतून काढून दुसरीत भरावं लागतं. वेळ जातो, हमाली लागते, माल सांडतो. बार्शी लाइटची ही दुखरी नस कुर्डुवाडीला होती. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरमध्ये त्याला लीक आणि मॅनिफोल्ड खोऱ्याच्या अडीच फुटी रेल्वेचं काम मिळालं, तेव्हा त्याने यावर तोड काढली. मोठ्या गेजची अख्खी वाघीण मालासकट वर चढवून पुढे न्यायची, अशी खास वाहनं त्याने तिथे आणली. ती रेल्वे 1904 मध्ये सुरू झाली. इंजिनं पुन्हा किटसनचीच होती आणि त्यांतल्या एकाला कॅलथ्रॉपचंच नाव दिलं होतं. ती रेल्वे 1934 मध्ये बंद पडली. तिची थोरली बहीण बार्शी लाइट मात्र त्यानंतरही सत्तरहून जास्त वर्षं चालत राहिली. पुढे रोल्स-रॉइस कंपनीतला चार्ल्स रोल्स हा त्याचा मित्र 1910 मध्ये विमान अपघातात गेला आणि कॅलथ्रॉप वैमानिकांसाठी पॅराशूट बनवण्याच्या मागे लागला. ‘गार्डियन एंजल’ नावाचं त्याचं पॅराशूट पहिल्या महायुद्धाच्या काळात तयार होतं. बार्शीच्या वाघिणी हलक्या करणारा आणि आकाशातून माणूस सुखरूप खाली उतरवू पाहणारा माणूस एकच, हे मला आजही नवल वाटतं.

1954 मध्ये सरकारने बार्शी लाइट विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेत आली. पुणे-कोल्हापूर मार्ग 1971 मध्ये ब्रॉडगेज झाला, तेव्हा मिरज हे तीन गेजचं स्टेशन बनलं: पुण्या-कोल्हापूरचं ब्रॉडगेज, हुबळीकडचं मीटरगेज आणि पंढरपूरचं नॅरोगेज. पण तोवर डांबरी सडका गावोगाव पोहोचल्या होत्या. ट्रक दुकानाच्या दारातून माल उचलून दुसऱ्या दुकानाच्या दारात टाकू लागला. त्याच्यापुढे कुर्डुवाडीला गाडी बदलणारं पोतं टिकणं शक्य नव्हतं. रुळांचं अंतर, वेग, वजन यांपेक्षाही ही चढ-उतार तिला महागात पडली, असं माझं मत आहे. 1992 मध्ये रेल्वेने सगळीकडे एकच गेज करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. त्यात टप्प्याटप्प्याने हा मार्गही ब्रॉडगेज झाला आणि 2008 मध्ये नॅरोगेजची शेवटची गाडीही थांबली. नवा मार्ग जुन्यासारखाच जातो. मोठा फरक एवढाच, की जुन्या गाडीने बाजूला ठेवलेल्या धाराशिव शहरावरून तो गेला.

मग 2016 चा एप्रिल आला. लातूरला प्यायला पाणी उरलं नव्हतं आणि मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली. पंढरपूर, कुर्डुवाडी करत सुमारे 342 किलोमीटर चालून ती लातूरला पोहोचली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी आणि प्रत्येकीत 50,000 लिटर पाणी. वाटेतली गावं तीच होती, जी कॅलथ्रॉपच्या कंपनीने तीस वर्षं खपून एका माळेत आणली होती. तिची जुनी वाघीण मात्र या कामाला अपुरी पडली असती. 50,000 लिटर म्हणजे 50 टन नुसतं पाणी. मालासकट 20 टनांवर थांबणाऱ्या वाघिणी तेवढ्या पाण्याला किमान तीन लागल्या असत्या. पुढे एकेका खेपेला 50 वाघिणी आणि 25 लाख लिटर पाणी येऊ लागलं, ते ब्रॉडगेजमुळेच.