पावट्याची लावण: आधी महिना बघा, मग अंतर ठरवा

परसात वेलाचा पावटा लावणाऱ्यांनो, हे वाचाच! 🌱

पावट्याच्या बहुतेक जुन्या वेलजाती दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाहीत. जूनमध्ये टोकलेला वेल पावसाळाभर नुसता मांडवावर पसरतो आणि दिवस लहान झाल्यावरच फुलतो. सप्टेंबरमध्ये टोकलेला त्याच्या मागोमाग फुलतो, पण लहान असतानाच.

म्हणून:

✅ जून-जुलै: दोन वेलांत ऐसपैस जागा ठेवा. दाटी झाली की आतल्या पानांना ऊन लागत नाही, ओल टिकते, बुरशी वाढते.

✅ सप्टेंबर: जवळजवळ लावा. वेलागणिक शेंगा कमी, पण वेल जास्त असल्याने वाफ्याची कसर भरून निघते.

कोकणात भातकापणीनंतर उरलेल्या ओलीवर वाल (पावट्याचाच प्रकार) उशिरा पेरतात, तिथंही रोपं आटोपशीरच राहतात.

झुडपी जातींना दिवसमानाचं बंधन सहसा नसतं. त्यांना 45 × 30 सेंमी अंतर पुरतं.

यंदा दोन्ही वेळी थोडं थोडं लावून बघा!