चार दरवाजे, पाच खिडक्या आणि एक राणी

‘चांद्यापासून बांद्यापर्यंत’ असं आपण किती सहज बोलून जातो! लग्नाच्या पत्रिका वाटायच्या म्हटल्या की, ‘अगं, चांद्यापासून बांद्यापर्यंत पसरलेत आमचे नातेवाईक!’ पण मैत्रिणींनो, खरं सांगा, हा चांदा नकाशावर बोट ठेवून पटकन दाखवता येईल का तुम्हाला? बांदा तरी गोव्याला जाताना वाटेत लागतो. चांद्याला मुद्दाम उठून कोण जातं? मीही गेले नसते. पण आमच्या थोरल्या वन्सं गेली पंचवीस वर्षं तिथे नांदताहेत. यजमानांची नोकरी तिथल्या औष्णिक वीज केंद्रात. दर दिवाळीला, ‘वहिनी, एकदा तरी या ना आमच्याकडे,’ म्हणून आग्रह. शेवटी एका चैत्रात जाऊन आले.

चैत्रात चांद्याला जाणं हा तसा वेडेपणाच. वैशाख सुरू व्हायच्या आधीच पारा चाळिशी ओलांडतो. मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर गेला तरी तिथे कुणाला नवल वाटत नाही. डोक्याला दुपट्टा आणि पिशवीत कांदा, एवढ्या तयारीनिशी बाहेर पडायचं, हा वन्संनी घालून दिलेला पहिला नियम.

चांदा म्हणजे आताचं चंद्रपूर. सरकारदरबारी नाव 1964 साली बदललं, पण रेल्वेच्या एका स्टेशनवर अजूनही पाटी आहे ती ‘चांदा फोर्ट’. फोर्ट म्हटल्यावर मी आपली डोंगर शोधू लागले. वन्सं हसल्या. म्हणाल्या, ‘अहो वहिनी, किल्ल्यातच उभ्या आहात तुम्ही!’

आणि ते खरंच होतं. इथला किल्ला डोंगरावर नाही. सबंध जुन्या गावाभोवती दगडी तट बांधलाय, तोच किल्ला. चांगला मैलोन्मैल चालत जातो तो. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे. शिवाय पाच खिडक्या. खिडकी म्हणजे आपली गजांची खिडकी नव्हे बरं का, तटातून बाहेर जायची लहान वाट. नावं तरी किती बोलकी! विठोबा खिडकी, हनुमान खिडकी, बगड खिडकी, मसाण खिडकी आणि चक्क चोर खिडकी! दरवाजांवर दगडात एक विलक्षण प्राणी कोरलाय. सिंहासारखा, आणि त्याने हत्तीला दाबून धरलंय. ही गोंड राजांची खूण. जटपुरा दरवाजाखालून दिवसभर स्कूटरी, रिक्षा आणि शाळेच्या गाड्या जात असतात. वर मान करून तिच्याकडे बघायला सवड कुणाला?

हा तट कसा उभा राहिला, त्याची कथा मला पठाणपुऱ्यातल्या एका आजींनी सांगितली. मी तटाचे दगड निरखत उभी होते, तर मागून आवाज आला, ‘काय पाहून राहिली बाई एवढं? ये, सावलीत बस.’ मग पाण्याचा तांब्या आला आणि कथाही आली.

पंधराव्या शतकात इथून जवळच बल्लारपूरला गोंड राजा राहत होता. अंगावर सदा गळवं, खांडकं. म्हणून लोक त्याला खांडक्या बल्लाळशहाच म्हणत. (राजा झाला तरी लोक काय टोपणनाव ठेवायचं सोडतात थोडेच?) वैद्य झाले, उपाय झाले, गुण येईना. एकदा शिकारीला गेलेला राजा तहानेने व्याकूळ होऊन झरपट नदीशी आला. नदी कोरडी, पण एका खळग्यात थोडं पाणी. ते प्याला, हातपाय तोंड धुतलं आणि घरी येऊन गाढ झोपला. सकाळी राणी पाहते तो काय, जिथे पाणी लागलं तिथली खांडकं नाहीशी! राणीने दुसऱ्या दिवशी नवऱ्याला घेऊन ती जागा गाठली, गवत उपटलं, तर खाली दगडात गाईच्या खुरांसारख्या खुणा आणि त्यात न आटणारं पाणी. तेच आजचं अंचलेश्वराचं स्थान.

पुढे राजा पुन्हा त्याच बाजूला गेला, तर एक ससा त्याच्या कुत्र्याच्या मागे लागलेला. कुत्रा सशाच्या मागे नव्हे, ससा कुत्र्याच्या मागे! कुत्रा वेड्यावाकड्या उड्या मारत मोठं रिंगण घेत पळतोय आणि ससा मागे. अखेर कुत्र्याने उलटून त्याला मारलं. पाहिलं तर सशाच्या कपाळावर पांढरा चांद. राजाने घरी येऊन ही हकीकत सांगितली. राणी म्हणाली, ज्या जागी सशाला एवढं बळ येतं तिथे शहर वसवा, आणि ससा जिथून जिथून धावला तिथून तट घाला. तेच चंद्रपूर.

‘आजी, राणीचं नाव काय हो?’ मी विचारलं.

आजी विचारात पडल्या. ‘आता ते नाही माहीत बा. राणीच म्हणतात.’

राजाचं नाव माहीत, त्याच्या गळवांचंही नाव माहीत. तटाची आखणी करणाऱ्याचं नावसुद्धा सांगतात, तेल ठाकूर म्हणून. आणि जिने जागा ओळखली, शहराची रेघ सांगितली ती नुसती ‘राणी’! आपल्याकडेही घराच्या पाटीवर कुणाचं नाव असतं ते आठवलं आणि मी गप्प बसले. कथा खरी की खोटी ते सोडा. तट मात्र अनेक पिढ्या बांधत राहिले आणि धुंड्या रामशहाच्या वेळी, सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या आसपास, तो पुरा झाला असं म्हणतात.

पण चांद्याच्या एका राणीचं नाव मात्र लोक विसरलेले नाहीत. राणी हिराई. तिची हकीकत ऐकली आणि मला रात्री झोप लागली नाही.

हिराई ही बीरशहाची राणी. मुलगा नव्हता, एक मुलगी होती, मानकुंवर. तिला देवगडच्या राजघराण्यात दिली. जावयाने तिचा अपमान केला. बीरशहा लेकीसाठी सैन्य घेऊन निघाला. लढाईत बाजू पडती दिसली तेव्हा त्याने चांद्याच्या महाकालीला नवस बोलला आणि जावयाचं शिर देवीपुढे आणून ठेवलं, असं सांगतात. देवळावर देवगडच्या दिशेला तोंड करून बसवलेलं दगडी मुंडकं त्याचीच आठवण, म्हणे. लेकीचा कैवार घेणारा बाप म्हणून ऐकताना बरं वाटतं. पण मानकुंवरचं पुढे काय झालं, ते मी तिघींना विचारलं. एकीलाही सांगता आलं नाही.

आणि हाच बीरशहा मुलगा हवा म्हणून दुसरं लग्न करायला निघाला. 1704 च्या सुमाराची गोष्ट. लग्नाच्या गडबडीतच त्याच्याच पदरच्या एका रजपुताने, हिरामण त्याचं नाव, त्याचा खून केला. म्हणजे बघा, सवत घरात यायची तर नवऱ्याचं प्रेतच दारात आलं. हिराईच्या मनात त्या दिवशी काय आलं असेल? राग? दुःख? की दोन्ही एकदमच?

ती सती गेली नाही. नात्यातल्या एका मुलाला, रामशहाला, तिने दत्तक घेतलं आणि तो कर्ता होईपर्यंत, पंधराएक वर्षं, राज्य सांभाळलं. अंचलेश्वराचं देऊळ नव्याने बांधलं, महाकालीचं देऊळ उभारलं. आणि अंचलेश्वराच्या शेजारी नवऱ्याची समाधी बांधली. इथल्या गोंड राजांच्या समाध्यांत सगळ्यांत भव्य आणि देखणी तीच आहे. बायकोसाठी ताजमहाल बांधणारा बादशहा जगाला ठाऊक; नवऱ्यासाठी, तेही दुसरी करायला निघालेल्या नवऱ्यासाठी, अशी वास्तू उभी करणारी राणी आपल्या महाराष्ट्रात झाली, हे आपल्याला शाळेत कुणी सांगितलं का? मी त्या समाधीच्या गार दगडावर हात ठेवून बराच वेळ उभी होते. वन्सं म्हणाल्या, ‘चला वहिनी, ऊन चढतंय.’

चैत्र असल्यामुळे महाकालीची यात्रा भरलेली होती. गंमत म्हणजे यात्रेकरूंत गावकऱ्यांपेक्षा मराठवाड्यातली माणसं जास्त. नांदेड, परभणीकडून डफ-संबळ वाजवत, डोक्यावर देवीची परडी घेऊन बाया येतात. झरपटेत अंघोळ करून दर्शनाला जायचं, अशी पिढ्यान् पिढ्यांची रीत. पण झरपट पाहिली आणि पोटात कालवलं. राजाची खांडकं बरी करणारी ती हीच का नदी? जलपर्णीने पात्र झाकलेलं, गावाचं सांडपाणी त्यात मिसळलेलं. एक बाई काठावर उभ्या राहून नुसतंच पाणी कपाळाला लावून मागे फिरल्या. ‘लेकरू अंगावर पितंय,’ एवढंच म्हणाल्या.

पुढची गोष्ट भराभर सांगते. 1751 मध्ये चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेलं आणि 1818 च्या मे महिन्यात, त्या भयंकर उन्हाळ्यात, इंग्रजांनी तोफा लावून तटाला खिंडार पाडलं. किल्लेदार गंगासिंग लढता लढता पडला. गोंड राजांच्या बालेकिल्ल्याचं पुढे तुरुंगात रूपांतर झालं. तिथेच 21 ऑक्टोबर 1858 रोजी बाबुराव शेडमाके या गोंड जमीनदाराच्या तरुण मुलाला इंग्रजांनी फाशी दिलं. वय अवघं पंचवीस. ज्या पिंपळाशी फाशी दिलं, तिथे आजही लोक फुलं वाहतात. आणि त्याला पकडून देणारी कोण? अहेरीची जमीनदारीण लक्ष्मीबाई! म्हणजे आम्हा बायकांच्या खाती सगळंच काही पुण्य नाही हो.

आणखी एक दिवस चांद्याला सांगितलाच पाहिजे. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली, हे सगळ्यांना ठाऊक. पण दोनच दिवसांनी, 16 तारखेला, त्यांनी चंद्रपूरला येऊन हजारो लोकांना दीक्षा दिली. पुढे दोन महिन्यांच्या आतच ते गेले. दर वर्षी त्या दिवशी तिथे माणसांचा पूर लोटतो. वन्संच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंच्या आजी त्या सभेला होत्या. कडेवर पोर घेऊन चालत आल्या होत्या म्हणे.

लालपेठेच्या बाजूला आणखी एक आश्चर्य. उघड्या जागेत एकेका अखंड दगडात कोरलेल्या अगडबंब मूर्ती पडल्यात. सगळ्यांत मोठी दहा तोंडांची दुर्गा, वीस फुटांहून लांब, आडवी झोपलेली! मुलं तिला रावणच म्हणतात. एका रायप्पा नावाच्या वाण्याने प्रचंड देवळाचा बेत केला, मूर्ती घडवल्या आणि देऊळ बांधायचं राहूनच गेलं. आमच्या घरी अर्धवट विणलेले तीन स्वेटर आहेत. मला तर त्या रायप्पाबद्दल एकदम आपुलकी वाटली.

आणि हो, तुमचा गोंधळ होऊ नये म्हणून सांगते, बाजारात ‘सांबार’ मागितला तर कोथिंबिरीची जुडी मिळेल. तिच्याच सारणाची तळलेली सांबारवडी खाल्ल्याशिवाय परतायचं नाही. साडी घ्यायची तर नागभीड-आरमोरीकडचा कोसा बघा. आणि सागवान? 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी लाकूड गेलं ते इथूनच, बल्लारपूरहून.

परतायच्या आदल्या रात्री वन्संच्या गच्चीवर बसलो होतो. त्यांचं घर तटाबाहेर, इरई नदीकडच्या नव्या वस्तीत. झरपट इरईला मिळते आणि इरई पुढे वर्धेला. वर्धेला पूर आला की इरईचं पाणी पुढे जायला वाट मिळत नाही, ते मागे फुगतं. त्यात कोळशाच्या खाणींतून निघालेल्या मातीचे डोंगर काठाला रचून नदीचं अंग आवळलेलं. 2006, 2013, 2022. ही तीन सालं वन्सं मुलांच्या जन्मतारखांसारखी सांगतात.

‘2022 च्या जुलैत ओट्यापर्यंत पाणी होतं वहिनी. गव्हाचा पिंप तरंगत होता. आम्ही कुठे गेलो सांगू? तटाच्या आत, पठाणपुऱ्यात मैत्रिणीकडे. आमच्याकडे कमरेएवढं पाणी आणि तिच्या अंगणात नुसता चिखल. त्या तटाने अडवलं.’

मला एकदम आजींच्या कथेतली ती बिननावाची राणी आठवली. शत्रूसाठी घातलेला तट आता पाणी अडवतोय! मधल्या काळात त्याच्यावर झाडं माजली होती, कचरा साठला होता. 2017 मध्ये इथल्या इको-प्रो संस्थेच्या तरुण मुलांनी रोज पहाटे जाऊन तो साफ करायला घेतला आणि महिनोन् महिने ते काम चालवलं. आता बुरुजांवर फिरता येतं. वन्सं सकाळी तिथेच फिरायला जातात.

‘मग घर बदलत का नाही?’ मी विचारलं.

‘सगळी पुंजी घातलीय यात. विकायला काढलं तर घेणार कोण? तीन पूर सगळ्यांनी पाहिलेत.’

मग त्यांनी मला आपलं स्वयंपाकघर दाखवलं. धान्याचे डबे माळ्यावर, गॅसची टाकी उंच ओट्यावर दोराने बांधलेली, कागदपत्रं आणि मंगळसूत्र एका घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात. भिंतीवर कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीच्या तीन रेघा, प्रत्येकीपुढे साल. मृग लागला की खालच्या फळ्या रिकाम्या करायच्या आणि दसऱ्याला पुन्हा भरायच्या. बाकी भांडी नेहमीसारखीच, लखलखीत.