पाहुण्यास काय दिसते?

आमची थोरली नात यवतमाळास महाविद्यालयात शिकते. तिच्या वर्गातील अठरा मुलामुलींनी दोन अध्यापकांसह तीन आठवडे बर्लिन येथे जाऊन राहावे, तेथील कुटुंबांत उतरावे व परत आल्यावर आपापले अनुभव लिहून काढावेत, असा बेत गेल्या वैशाखात ठरला. त्यासंबंधीचे पत्र आमच्या दारव्ह्याच्या घरी आले तेव्हा माजघरात त्याचे जाहीर वाचन झाले. आमच्या सौभाग्यवतींना काळजी पडली खाण्यापिण्याची, धाकट्या बंधूंना खर्चाची. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अशा प्रसंगी समुद्रगमनाचे प्रायश्चित्त कोणते, असा प्रश्न निघाला असता. या वेळी निघाला तो विमा कोणता उतरवावा, हा!

आम्ही मात्र बर्लिनचे नाव ऐकताच निराळ्याच विचारात पडलो. आमच्या पिढीच्या वऱ्हाडी माणसास बर्लिन म्हटले की अमरावती आठवते. ज्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना वैद्य बंधूंनी १९१४ साली अमरावतीस केली, त्या मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिक सामन्यांच्या वेळी तेथे गेले होते. हुतूतू, मल्लखांब असले आपले देशी खेळ त्या तरुणांनी परक्या लोकांपुढे करून दाखविले. त्याच महिन्यात, १५ ऑगस्ट रोजी, ध्यानचंदांच्या संघाने हॉकीच्या अंतिम सामन्यात जर्मनीचा ८-१ असा पराभव केला. आमचे वडील तेव्हा शाळकरी होते. दारव्ह्याहून अडीच फुटी रुळांवरच्या त्या गाडीत बसावे (हीच ती पुढे ‘शकुंतला’ म्हणून नावाजलेली, आता बंद पडलेली गाडी), मूर्तिजापुरास मोठी गाडी धरून बडनेऱ्यास उतरावे, आणि अमरावतीच्या आखाड्यात जाऊन ‘बर्लिनची मुले’ पाहून यावे, ही त्यांची फार दिवसांची हौस. पुढे ही हकीकत ते आम्हांस अशा अभिमानाने सांगत की, त्या मल्लखांबास तेल जणू त्यांनीच लावून दिले होते.

हे सर्व आम्ही नातीस सांगितले आणि ते मैदान अवश्य पाहून ये, अशी आज्ञाही केली.

मुले आषाढात परत आली. नातीने आपली वही आमच्या हाती दिली. तिच्या पहिल्याच पानावर वाक्य होते : ‘पहिले चार दिवस आम्ही बर्लिनमध्ये नव्हतोच. आम्ही यवतमाळातच होतो. फक्त सूर्य रात्री साडेनऊला मावळत होता.’ अठराजणांचे खाणे एकत्र, फिरणे एकत्र, विनोद सारे मराठीत, आणि बरोबर नेलेला चिवडा व धपाटे संपेपर्यंत कोणास भूकही लागली नाही. जथ्याने प्रवास करण्यात निर्भयता असते हे खरे, परंतु आपले गाव उचलून बरोबर नेल्यावर परगावास जागा कोठून उरावी?

पाचव्या दिवशी मुलांस एकेकट्याने निरनिराळ्या घरी पाठविले, आणि वहीचा रंग पालटला. नातीच्या यजमानीण एक सेवानिवृत्त शिक्षिका होत्या. तेथे संध्याकाळचे जेवण म्हणजे थंड पाव, चीज व काकडी. गरम पोळीची वाट पाहणे व्यर्थ. रविवारी दुकाने बंद. त्या दिवशी काचेच्या रिकाम्या बरण्या चौकातील पेटीत टाकावयास निघालेल्या आमच्या कन्यकेस शेजारच्या खिडकीतून एका वृद्धाने थांबविले. रविवार शांततेचा, काच फुटल्याचा आवाज करावयाचा नाही! पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, ती बाटली परत केली म्हणजे मिळते. हे कळल्यावर अठराही जणांनी बाटल्या साठविण्याचा सपाटा लावला, असे दिसते. आमच्या घरातील जुनी मंडळी हे ऐकून हसली, कारण रद्दी व बाटल्या विकण्याची विद्या त्यांस परकी नव्हती.

एके दिवशी तिने यजमानीणबाईंस वरणभात करून वाढला. बाईंनी तो आवडीने खाल्ला, आणि चवीविषयी बोलण्याऐवजी विचारले, ‘तुमच्या घरी हे रोज कोण करते? आणि आधी कोण जेवते?’ नातीने काय उत्तर दिले ते वहीत नाही. आम्हीही तिला विचारले नाही.

मैदान तिने पाहिले. जवळच्या एका रस्त्यास जेसी ओवेन्सचे नाव आहे. १९३६ ची प्रचंड घंटा तडा गेलेल्या स्थितीत बाहेर ठेवलेली आहे. तिच्या शेजारी उभे राहून काढलेले चित्र नातीने खास आमच्यासाठी आणले होते. परंतु त्या संध्याकाळी बाईंनी तिला जे सांगितले, ते आमच्या वडिलांच्या हकीकतीत कधीच आले नव्हते. सामने भरण्यापूर्वी यहुद्यांविरुद्धच्या पाट्या शहरातून काढून टाकण्यात आल्या, पाहुण्यांच्या दृष्टीस पडू नयेत म्हणून. १६ जुलै रोजी शहरातील रोमा व सिंती कुटुंबांस पकडून मार्त्सान येथील छावणीत नेऊन ठेवले. आणि बर्लिनच्या उत्तरेस ओरानिएनबुर्ग येथे त्याच उन्हाळ्यात कैद्यांकडूनच झाडे तोडवून झाक्सेनहाउझेनची बंदिछावणी उभारली जात होती. आमच्या वऱ्हाडच्या पोरांनी मल्लखांबावर कसरती केल्या, टाळ्या घेतल्या, स्वच्छ रस्ते व फडकणारी निशाणे पाहिली, आणि ती परत आली. त्यांस आम्ही दोष देत नाही. यजमान जिकडे बोट दाखवितो तिकडेच पाहुण्याची नजर जाते. आणि तो यजमान तर सबंध जगास फसवावयास बसला होता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तिला घराबाहेर आणून पायाखालची फरसबंदी दाखविली. तेथे दहा सेंटिमीटर चौरस अशा तीन पितळी चौकटी बसविलेल्या होत्या. प्रत्येकीवर आरंभी ‘येथे राहत होते’ हे शब्द, मग नाव, जन्मसाल, केव्हा नेले, कोठे मारले. गुंटर डेमनिग नावाच्या कलावंताने हे काम आरंभिले, आणि २०२३ पर्यंत युरोपभर अशा लाखभर चौकटी बसविल्या गेल्या. बाई त्यांच्या दारातल्या तीन चौकटी स्वतः घासून लखलखीत ठेवतात. त्या दिवशी नातीनेही एक घासली.

वहीची शेवटची पाने आम्ही ओसरीवर बसून वाचली. वाचून झाल्यावर ती आमच्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, ‘आबा, आपल्या परसातलं मागचं दार. तिकडून पहाटे संडास साफ करायला कोणी येत असे, असं तुम्ही एकदा सांगितलं होतं. त्यांचं नाव काय होतं?’

आम्ही गडबडलो. ते गृहस्थ आमच्या लहानपणी रोज येत. सणावारी त्यांच्या पदरात वरून पोळी टाकलेली आम्ही पाहिली आहे. त्यांचे तोंड आठवते, खोकला आठवतो. आम्ही तिला म्हणालो की, बर्लिनची गोष्ट निराळी, या दोन गोष्टी एक नव्हेत. त्यावर ती शांतपणे म्हणाली, ‘एक आहेत असं मी म्हटलंच नाही, आबा. मी फक्त नाव विचारलं.’

रात्री आम्ही आमच्या आक्कांस अकोल्यास फोन केला. आक्का आता नव्वदीच्या आहेत, पण स्मरण खणखणीत. घरातील प्रत्येक मुंजीची तिथी त्यांस पाठ आहे. त्या बराच वेळ स्वस्थ राहिल्या. मग म्हणाल्या, त्यांच्या बायकोस सारे गंगा म्हणत, की यमुना. त्यांस स्वतःस कोणी नावाने हाक मारलेली काही आठवत नाही. उद्या पुन्हा फोन कर, रात्रीतून आठवले तर सांगते.