टक्का नेमका कशाचा?

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या इ. स. ११५० मधील ग्रंथात व्याजाचे एक उदाहरण आहे : शंभरावर महिना पाच या दराने सोळाचे एका वर्षाचे व्याज किती? उत्तर येते नऊ पूर्णांक तीन पंचमांश. महिन्याचे ‘पाच’ लहान वाटतात; वर्षाचा दर मात्र साठ टक्के होतो. साडेआठ शतकांनंतरही फसगत होते ती येथेच. थकबाकीवर महिना साडेतीन टक्के आकारणी असेल, तर वर्षाचे सरळव्याज ४२ टक्के आणि दरमहा चक्रवाढीने ते सुमारे ५१ टक्के होते.

शाळेत ‘द. सा. द. शे.’ असे लिहिले जाई. दर साल, दर शेकडा. या चार अक्षरांत दोन प्रश्न दडलेले आहेत : किती काळासाठी? आणि कोणत्या शंभरावर?

पाया बदलला की अर्थ बदलतो

दुकानातील पाटीवर ‘२० टक्के सूट, त्यावर आणखी १० टक्के’ असे असते. हजाराच्या वस्तूवर पहिली सूट २०० रुपयांची. दुसरी उरलेल्या ८०० रुपयांवर, म्हणजे ८० रुपयांची. एकूण सूट २८ टक्के, ३० नव्हे. त्याचप्रमाणे शंभर रुपयांची गुंतवणूक २० टक्क्यांनी घसरून ८० वर आली, तर पूर्वपदावर येण्यासाठी तिला २५ टक्के वाढावे लागते. ठेवीचा दर ६ वरून ७ टक्के झाला, तर वाढ एका टक्केबिंदूची असते. व्याजाची रक्कम मात्र पूर्वीपेक्षा सुमारे पावणेसतरा टक्क्यांनी वाढते.

कर्जाच्या दाराशी

या प्रश्नाचे खरे मोल कर्ज घेताना कळते. समजा, एखाद्या ग्राहकाने दुचाकीसाठी १,२०,००० रुपये तीन वर्षांच्या मुदतीने घेतले. ‘दहा टक्के फ्लॅट’ या दराने व्याज ३६,००० रुपये आणि मासिक हप्ता ४,३३३ रुपये होतो. तोच दहा टक्के दर घटत्या शिलकेवर असेल, तर हप्ता सुमारे ३,८७२ रुपये आणि एकूण व्याज सुमारे १९,४०० रुपये भरते. आकडा एकच, फरक साडेसोळा हजारांहून अधिक!

कारण सरळ आहे. प्रत्येक हप्त्याबरोबर मुद्दल फिटत जाते. फ्लॅट दर मात्र अखेरच्या महिन्यापर्यंत संपूर्ण मूळ रकमेवरच व्याज आकारतो. फिटलेल्या रकमेवरही व्याज द्यावे लागते. म्हणूनच वरील कर्जाचा खरा वार्षिक दर १७.९ टक्क्यांच्या आसपास जातो. नेहमीच्या मुदतींसाठी फ्लॅट दराची साधारण पावणेदोन पट केली, की तोंडी अंदाज बांधता येतो.

१ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने मुख्य तथ्य विवरणपत्र देणे बंधनकारक केले आहे. व्याज आणि अन्य शुल्क यांचा एकत्रित विचार करणारा वार्षिक टक्केवारी दर त्यात नमूद असतो. दोन कर्जांची तुलना करावी ती या दरानेच.

सही करण्यापूर्वी ग्राहकाने तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : दर महिन्याचा की वर्षाचा, मूळ रकमेवर की घटत्या शिलकेवर आणि एकूण परतफेड किती रुपयांची. टक्क्यांचे उत्तर रुपयांत मिळाले, की संदिग्धतेला जागा उरत नाही.