माळवदावर नवी माती टाकायची? आधी जुनी उतरवा

उन्हाळा सरत आला की मराठवाड्यातल्या गावांत एक काम ठरलेलं असतं. गावाच्या पांढरीतून माती आणायची, घमेल्यानं माळवदावर चढवायची, पसरून चोपायची आणि पावसाची वाट बघायची. मागच्या साली जिथं गळलं तिथं दोन घमेली जास्त. खान्देशात याच घराला धाब्याचं घर म्हणतात, पण काम तेच. बहुतेक घरांत यातली एक गोष्ट मात्र राहून जाते. नवी माती दरसाल चढते, जुनी कधीच उतरत नाही.

आजोबांच्या काळी वीतभर असलेला थर नातवाच्या काळात दीड-दोन फुटांवर गेलेला असतो. खालच्या तुळया आणि खांब मात्र तेच. त्यात वाळवी लागलेली, पन्हाळाजवळ पाणी मुरून टोकं कुजलेली. जून ते सप्टेंबरात "झोपेत माळवद कोसळलं" अशा बातम्या येतात, त्यातल्या बऱ्याच घरांची गोष्ट अशीच असते. लोक म्हणतात पावसानं घर पडलं. पाऊस निमित्त असतो, ओझं आधीपासूनच असतं.

किती ओझं, ते ब्रासमध्ये मोजलं की लगेच कळतं. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. दहा बाय दहाच्या खोलीवर एक फूट माती असेल तर डोक्यावर बरोबर एक ब्रास माती आहे. दाबून बसलेल्या एका ब्रासचं वजन साडेचार टनांच्या आसपास भरतं. आता खोली दहा बाय बाराची आणि थर दोन फुटांचा धरा. झाली २.४ ब्रास, म्हणजे दहा टनांच्या वर. त्याच खोलीवर ५० मिलिमीटर पाऊस पडून तो मातीतच मुरला, तर आणखी पाचशे-साडेपाचशे लिटर पाणी चढलं, म्हणजे अर्धा टन. संततधारेत चार दिवस असंच चालतं. आणि ज्या भिंतींवर हे सगळं आहे, त्यांचा चिखलही तेव्हाच भिजून मऊ झालेला असतो.

मग माणसं हे माळवद ठेवतात तरी कशाला? कारण ते गार असतं. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी बसवत नाही, माळवदाखाली झोप लागते. मातीच्या जाड थरातून ऊन खाली उतरायला वेळ लागतो. वरचा भाग तापून उष्णता खाली येईपर्यंत संध्याकाळ होते, तोवर बाहेरची हवा निवायला लागलेली असते. थंडीत हीच माती आतली ऊब धरून ठेवते. पण हा गारवा मिळायला दोन फूट माती लागत नाही. सात-आठ इंचांचा नीट बसवलेला थर पुरतो. त्यावरची माती गारव्यात थोडीच भर घालते, वजनात मात्र भरपूर.

पांढरी किंवा खारी मातीच का, यालाही कारण आहे. खारवट मातीचे बारीक कण ओल लागली की सुटतात आणि फटी बुजवतात, त्यामुळे पाणी खाली झिरपत नाही. तिच्यावर गवतही फारसं उगवत नाही. काळी माती उन्हात भेगाळते, म्हणून ती माळवदावर कोणी टाकत नाही. जुन्यांचं हे ज्ञान पक्कं आहे. चूक फक्त थरावर थर चढवत जाण्यात आहे.

याची किंमत लातूर-धाराशिवच्या लोकांनी मोजलेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून गाव झोपलेलं असताना, किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला. जवळपास आठ हजार माणसं गेली. भूकंप जगातल्या मोठ्या भूकंपांइतका नव्हता, पण चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि डोक्यावरचं मातीचं ओझं यांनी घात केला. नंतर उभ्या राहिलेल्या जुन्या घरांच्या मजबुतीकरणासाठी जे उपाय सांगितले गेले, त्यात माळवदावरची जादा माती कमी करणं हा एक मुख्य उपाय होता. थर आठ इंचांवर आणायचा आणि पाणी अडवायला मध्ये प्लास्टिकचा कागद घालायचा. तीस वर्षं उलटली. ज्यांनी तेव्हा माती उतरवली, त्यातल्याही कित्येक घरांवर आज परत चढलेली दिसेल.

आपल्या घरावर किती थर आहे ते बघणं अवघड नाही. सवण्याच्या कडेला वरून सळई किंवा काठी उभी धरा, जाडी कळते. मग खाली येऊन तुळयांकडे बघा. मधोमध झोक आला आहे का, खांबाच्या डोक्याशी लाकूड चिरलं आहे का, तुळईचं भिंतीतलं टोक काळं पडलं आहे का. पारायच्या टोकानं लाकडावर ठोकून बघा. भरीव लाकूड टणक वाजतं, वाळवीनं खाल्लेलं पोचट वाजतं. भिंत बाहेरून बघितल्यावर पोट सुटल्यासारखी दिसत असेल तर ते सगळ्यात वाईट लक्षण. दगडी भिंत बहुधा आत एक आणि बाहेर एक अशा दोन पदरांची असते आणि मध्ये चिपा-माती भरलेली असते. पदर एकमेकांना सोडायला लागले की पोट येतं. अशा घरावर घरच्या माणसांनी चढू नये. आधी जाणत्या गवंड्याला दाखवावं आणि त्या खोलीत झोपणं बंद करावं.

माती उतरवायचं काम मार्च ते मे या काळातलं. पावसाला सुरुवात झाल्यावर ओल्या माळवदाला हात लावू नये. कामाआधी घरातली माणसं, जनावरं, धान्य बाहेर काढा आणि वायरमनकडून लाईन बंद करून घ्या. मग आतून प्रत्येक तुळईखाली टेकू द्या. टेकूखाली फळी हवी, नाहीतर तो जमिनीत रुततो आणि उपयोग राहत नाही.

खरी चूक होते ती वर चढल्यावर. माणसं एका कोपऱ्यातून उकरायला लागतात आणि एक बाजू रिकामी करतात. घराची एक बाजू हलकी, दुसरी तशीच जड, मग भिंत ढकलली जाते. त्यामुळे सगळीकडून थोडी थोडी, तीन-चार इंचांचा एक थर निघाला की दुसरा, अशी माती काढावी. उकरलेल्या मातीचा ढीग माळवदावरच करू नये, ती लगेच खाली जाऊ द्यावी. खाली पण भिंतीला लागून टाकू नये, पायात ओल धरते. वर एका वेळी दोघा-तिघांपेक्षा जास्त माणसं नकोत. टिकाव जोरात मारायचा नाही, खोऱ्यानं खरवडायचं. तोंडाला रुमाल बांधा, धूळ भयंकर उडते. जुन्या थरात विंचू असतात, हातानं माती उपसू नका.

लाकडापर्यंत गेल्यावर घाई करू नये. कुजलेली फळी, खाल्लेली तुळई आत्ताच बदलायची, कारण परत ती संधी दहा-पंधरा वर्षं येत नाही. दगडी भिंत धडधाकट पण पदर सुटे वाटत असतील, तर भिंतीत आरपार भोक पाडून त्यात दोन्ही टोकांना हूक केलेली सळई घालून काँक्रीट भरतात. त्यानं आतला-बाहेरचा पदर बांधला जातो. किल्लारीनंतर हाच उपाय सांगितला गेला होता. गवंड्याला माहीत नसेल तर इंजिनिअरकडून समजून घ्यावं.

नवा थर घालताना फळ्यांवर तुराट्या किंवा पाला, त्यावर बुस्कट घालून आठवडाभर कुजवलेला चिखल दोन-तीन इंच. तो सुकला की प्लास्टिकचा जाड कागद. शेततळ्याचा उरलेला कागद असेल तर फारच चांगलं, फक्त भोकं बघून घ्या. जोडावर फूटभर चढवायचा, वरच्या अंगाचा कागद खालच्या अंगाच्या कागदावर आला पाहिजे, आणि कठड्याकडे कडा वर वळवायच्या. त्यावर पांढरी माती चार-पाच इंच, पन्हाळाकडे दहा फुटांना तीन-चार इंच उतार देऊन. संपलं काम. त्या दहा बाय बाराच्या खोलीवर आता दहा टनांऐवजी साडेतीन टनांच्या आसपास ओझं राहतं. पुढच्या साली माती टाकायची असेल तर आधी तेवढीच खरवडून काढायची.

काही जण गळती थांबवायला माळवदावर सिमेंटचा कोबा करतात. तो करू नका. खालची माती हलते, कोबा तडकतो, तडीतून पाणी जातं आणि वरून सुकत नाही. वजन वाढतं ते वेगळंच. त्यापेक्षा पातळ केलेल्या माळवदावर दीड-दोन फूट उंच पत्रा घेतलेला बरा. पाऊस पत्रा अडवतो, माती कोरडी राहते, मधून वारा खेळतो आणि गारवा जात नाही. पत्रा हूक-नटानं पाईपाला आवळलेला हवा. वर दगड ठेवून दाबलेला पत्रा वादळात उडतो आणि दगड माणसावर येतो.

शासनाच्या मदतीवर विसंबून थांबण्यात अर्थ नाही. २०२२ पासूनच्या आपत्ती मदत निकषांत कच्च्या घराची अंशतः पडझड झाली तर ४,००० रुपये धरलेले आहेत, आणि तेही किमान १५ टक्के नुकसान असेल तर. तरी भिंत पडलीच तर मलबा उचलण्याआधी फोटो काढा आणि तलाठ्याला कळवून पंचनामा करून घ्या. घरकुलाच्या यादीत नाव असेल तर ग्रामसेवकाकडे विचारून ठेवा, पण स्लॅब पडेपर्यंतचे पावसाळे याच माळवदाखाली काढायचे आहेत.

उरली उतरवलेली माती. ती खारवट असेल तर काळ्या रानात टाकू नका, जमीन चोपण होते. गोठ्यापुढचा खड्डा, शिवारातली गाडीवाट अशा ठिकाणी भराव म्हणून चालते. चांगली चाळून निघालेली पांढरी माती मात्र कोरड्या जागी झाकून ठेवा, वरच्या थराला तीच परत वापरता येते.