ओक वृक्षाची वसंतातील तांबूस पालवी : कारणे आणि प्रयोजन

प्रस्तावना

पान हिरवे असते, हे विधान शालेय वयापासून इतके अंगवळणी पडलेले असते की त्याला अपवाद दिसला की तो रोग, कीड किंवा पोषणाचा अभाव मानण्याकडे सर्वसाधारण कल असतो. ओक वृक्षाच्या बाबतीत हा गैरसमज विशेषत्वाने आढळतो. युरोपातील सामान्य ओक (क्वेर्कस रोबर), कॅलिफोर्नियातील काळा ओक (क्वेर्कस केलॉगी) आणि हिमालयातील बांज (क्वेर्कस ल्युकोट्रायकोफोरा) या तिन्ही जातींची कोवळी पाने कित्येकदा तांबूस, गुलाबी किंवा ताम्रवर्णी असतात. काही दिवसांतच ती हिरवी होतात. एकाच वनात एका वृक्षाची पालवी लालसर, तर शेजारच्या वृक्षाची आरंभापासून हिरवी, असेही दृश्य दिसते.

ओक महाराष्ट्रात नैसर्गिकरीत्या वाढत नाही. तथापि, मराठी घराला त्याचा एक अवशेष परिचित आहे. बाळगुटीत उगाळले जाणारे मायफळ हे फळ नसून ओकच्या एका जातीच्या फांदीवर कीटकाच्या उपद्रवामुळे निर्माण होणारी गाठ असते. ती टॅनिनने समृद्ध असते. ओक आणि कीटक यांच्यातील या जुन्या संघर्षाचा संबंध पालवीच्या रंगाशीही पोहोचतो. प्रस्तुत लेखात या रंगाची रासायनिक कारणे व त्याचे संभाव्य प्रयोजन यांचा विचार केला आहे.

तांबूसपणाचे रसायन

पालवीचा लाल रंग अँथोसायनिन या रंजकद्रव्यांमुळे येतो. जर्मन औषधशास्त्रज्ञ मार्क्वार्ट यांनी १८३५ साली ग्रीक भाषेतील ‘फूल’ आणि ‘निळा’ या अर्थाच्या दोन शब्दांवरून हे नाव योजले. हरितद्रव्य हरितलवकात असते आणि प्रकाशसंश्लेषणात प्रत्यक्ष भाग घेते. अँथोसायनिन मात्र पाण्यात विरघळणारे असून पेशीच्या रिक्तिकेत साठते आणि प्रकाशसंश्लेषणात त्याचा प्रत्यक्ष सहभाग नसतो. सुमारे ५०० ते ५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे मुख्यतः हिरवा प्रकाश ते शोषून घेते. त्यामुळे पानाकडून परावर्तित होणाऱ्या प्रकाशात लाल भाग प्रबळ ठरतो. हरितद्रव्य वाढू लागले की लाल आणि हिरवा यांच्या मिश्रणातून तांब्यासारखी छटा निर्माण होते. पुढे पान विस्तारते, अँथोसायनिनची निर्मिती थांबते, असलेले द्रव्य विरळ होते व विघटन पावते आणि हिरवा रंग प्रस्थापित होतो.

तीव्र प्रकाश, कमी तापमान आणि ऊतींमध्ये साठलेली शर्करा या घटकांनी अँथोसायनिनच्या निर्मितीस चालना मिळते. ही निर्मिती किती व्हावी, हे त्या वृक्षाच्या आनुवंशिक घडणीवरही अवलंबून असते. म्हणूनच एकाच मातीत वाढणाऱ्या दोन वृक्षांत फरक पडतो आणि एकाच वृक्षाच्या उन्हातील फांद्या सावलीतील फांद्यांपेक्षा अधिक लाल दिसू शकतात.

शरदातील लाली आणि वसंतातील लाली

ओकची पाने शरद ऋतूतही लाल होतात. दोन्ही वेळी रंजकद्रव्य एकाच गटातील असले, तरी प्रक्रिया परस्परविरुद्ध दिशेच्या आहेत. शरदात हरितद्रव्याचे विघटन होते आणि पानातील नायट्रोजनासारखी मूलद्रव्ये वृक्ष खोडाकडे परत घेतो. वसंतात हरितद्रव्य अद्याप पुरेसे तयार झालेले नसते. पहिल्या अवस्थेत पान कारखाना बंद करीत असते, दुसऱ्या अवस्थेत तो उभारीत असते. म्हणून शरदातील लालीचे स्पष्टीकरण वसंतातील पालवीला जसेच्या तसे लावता येत नाही.

केवळ थंडीमुळे पालवी लाल होते, हे प्रचलित स्पष्टीकरणही अपुरे आहे. युरोपातील ओकला उन्हाळ्याच्या मध्यावर दुसरी पालवी फुटते. १ ऑगस्टच्या ‘लॅमस’ या सणावरून तिला ‘लॅमस वाढ’ असे म्हणतात. त्या काळात थंडी नसूनही ही पाने बहुधा तांबूस असतात. महाराष्ट्रातील दाखलाही याच दिशेचा आहे. कोशिंबाची लालभडक पालवी, आंब्याची ताम्रवर्णी पाने, पिंपळाची गुलाबी पालवी ही फाल्गुन-चैत्राच्या उन्हात दिसतात. या सर्व उदाहरणांत समान असलेले घटक दोन आहेत : प्रखर प्रकाश आणि पानाची अपरिपक्वता.

‘का’ या प्रश्नाच्या दोन पातळ्या

जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर यांनी १९६१ साली जीवशास्त्रातील कार्यकारणभावाची चिकित्सा करताना निकटची कारणे आणि अंतिम कारणे असा भेद स्पष्ट केला. ‘अँथोसायनिनमुळे पान लाल दिसते’ हे निकटचे कारण होय. पान थोड्याच दिवसांत हिरवे होणार असताना वृक्ष या द्रव्यावर कर्ब व ऊर्जा का खर्च करतो, हा अंतिम कारणाचा प्रश्न आहे. वर्गाध्यापनात पहिल्या उत्तरावर थांबण्याची प्रवृत्ती असते. वास्तविक तेथे प्रश्नाचा केवळ पूर्वार्ध संपतो. उत्तरार्धाविषयी प्रामुख्याने दोन गृहीतके मांडली जातात.

(अ) प्रकाशापासून संरक्षण : कोवळ्या पानातील प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा अपूर्ण असल्याने शोषलेल्या सर्व प्रकाशाचा विनियोग होऊ शकत नाही. उरलेल्या ऊर्जेमुळे ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे निर्माण होऊन ऊतींना इजा होते. अँथोसायनिन अशा वेळी पडद्यासारखे कार्य करते, असे हे गृहीतक सांगते. फील्ड, ली आणि होलब्रुक यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लाल झालेली पाने तीव्र निळ्या प्रकाशाच्या आघातातून पिवळ्या पानांपेक्षा लवकर सावरली. लाल प्रकाशाच्या आघातानंतर मात्र असा फरक आढळला नाही. अँथोसायनिन लाल प्रकाश फारसा शोषत नसल्याने हा निष्कर्ष पडद्याच्या कल्पनेस पुष्टी देतो. तथापि, हा प्रयोग डॉगवुड या झुडपाच्या शरदातील पानांवरील होता, ही मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे.

(ब) कीटकांपासून संरक्षण : पॉल फीनी यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या, ऑक्सफर्डजवळील वायथॅम येथील ओकवरील अभ्यासात असे दाखविले की, कोवळ्या पानांत प्रथिने अधिक व टॅनिन कमी असते. ऋतू पुढे सरकतो तसे पान चिवट होते आणि टॅनिन वाढते. हिवाळी पतंगाच्या अळ्या नेमक्या वसंतात पाने खातात, त्याचे कारण हेच. म्हणजे पालवीचे पहिले काही आठवडे हे वृक्षाच्या दृष्टीने सर्वाधिक धोक्याचे असतात. पाने खाणाऱ्या बहुतेक कीटकांच्या डोळ्यांत लाल रंगाचे स्वतंत्र ग्राही नसतात. ज्या हिरव्या प्रकाशावरून ते पान ओळखतात तोच शोषला गेल्याने लाल पान त्यांना काळसर दिसत असावे, अथवा लाली ही पान बेचव असल्याची सूचना ठरत असावी.

या संदर्भात भूमध्य सागरी प्रदेशातील केर्मिस ओक (क्वेर्कस कॉक्सिफेरा) महत्त्वाचा आहे. ‘किरमिजी’ हा शब्द ज्या रंगावरून आला, तो रंग देणारा कीटक याच ओकवर राहतो. या जातीतील काही झाडांची पालवी लाल, तर काहींची हिरवी असते. जात एकच आणि परिसरही एकच असल्याने ही नैसर्गिक तुलना उपयुक्त ठरते. कारागेओर्गू आणि मानेटास यांच्या २००६ सालच्या अभ्यासात लाल पालवीच्या झाडांना कीटकांचा उपद्रव कमी झाल्याचे आढळले.

मात्र सहसंबंध म्हणजे कारण नव्हे. अँथोसायनिन आणि टॅनिनचा एक प्रमुख प्रकार यांची निर्मिती बऱ्याच अंशी एकाच जैवरासायनिक मार्गाने होते. त्यामुळे कीटकांना परावृत्त करणारी गोष्ट रंग आहे, की रंगासोबत वाढलेले तुरट द्रव्य, हे केवळ अशा निरीक्षणावरून ठरत नाही. शिवाय हिरव्या पालवीची झाडेही टिकून आहेत. यावरून लाली हा संरक्षणाचा एकमेव मार्ग नाही, हेही स्पष्ट होते. बांजच्या शास्त्रीय नावाचा अर्थच ‘पांढरी लव धारण करणारा’ असा आहे, आणि पानावरील लव हाही संरक्षणाचा एक मार्ग असू शकतो.

व्यावहारिक विचार

पालवीची तांबूस छटा पान वाढताना ओसरत असेल तर ती सामान्य वाढीचा भाग समजावी. तिच्यावर खत किंवा कीटकनाशक हा उपाय नव्हे. याउलट, पूर्ण वाढलेली पाने ऋतू नसताना लाल किंवा जांभळट होणे, ही लाली टिकून राहणे किंवा सोबत फांद्या वाळणे ही लक्षणे स्फुरदाची कमतरता, मुळांची इजा अथवा पाण्याचा ताण सुचवू शकतात. केवळ रंग पाहून निदान करू नये. रंग कोणत्या वयाच्या पानावर आला आणि किती काळ टिकला, हे पाहणे आवश्यक असते.

समारोप

ओकची तांबूस पालवी ही विकृती नसून अपरिपक्व पानाची तात्पुरती अवस्था आहे. तिचे रसायन बऱ्याच अंशी उलगडले आहे. प्रयोजनाबाबत प्रकाशसंरक्षण आणि कीटकसंरक्षण ही गृहीतके परस्परांना छेद देणारी नाहीत. एकच द्रव्य दोन्ही कार्ये करू शकते आणि त्यांचे प्रमाण जातीनुसार व परिसरानुसार बदलू शकते. ‘अँथोसायनिनमुळे’ हे एका शब्दाचे उत्तर बरोबर असूनही अपुरे आहे. महाविद्यालयाच्या आवारातील आंबा किंवा कोशिंब फाल्गुनात पालवला, की हा अपुरेपणा विद्यार्थ्यांसमोर प्रत्यक्ष मांडता येतो. उन्हातील व सावलीतील पानांचा रंग, तो ओसरण्यास लागणारे दिवस आणि कुरतडलेल्या पानांची संख्या एवढ्या नोंदी ठेवल्या, तरी कारण आणि प्रयोजन यांतील भेद पाठांतराविना स्पष्ट होतो.