आधी ओल घालवा, मग भिंत सजवा

पावसाळा सरला की नवापुरातल्या रंगाऱ्यांना उसंत नसते. पुढे लग्नसराई असते आणि वर्षभर रखडलेले रंगकाम याच दिवसांत काढले जाते. शाळेत पालकसभेला आलेल्या भगिनी मुलांच्या गुणांविषयी बोलून झाले की हळूच विचारतात, "बाजी, भिंतीला ते फोमचे पत्रे लावू की वॉलपेपर?" एखादीच्या घरी मुलीला पाहायला पाहुणे येणार असतात. बैठकीची खोली चांगली दिसावी म्हणून हप्त्याने पैसे काढायची तयारी झालेली असते. पाहुणे तासभर बसून उठून जातात, हप्ते मात्र वर्षभर चालतात. म्हणून आम्ही ठरवले, या विषयावर एकदा नीट लिहावे.

पहिला खर्च ओलीवर

नंदुरबार-शहाद्यापेक्षा आमच्या नवापूरकडे पाऊस जास्त. ऑगस्ट 2018 मध्ये रंगावलीला पूर आला, तेव्हा नदीकाठच्या घरांत पाणी शिरले होते. अशा गावात भिंतीचा पहिला प्रश्न रंगाचा नसतो, ओलीचा असतो. ओल्या भिंतीवर वॉलपेपर किंवा फोमचा पत्रा चिकटवला, तर ओल आतच कोंडते. मागे काळी बुरशी धरते, खोलीला कुबट वास येतो, आणि दम्याच्या आजीला व सतत सर्दी होणाऱ्या लेकराला त्याचा त्रास होतो. भिंत झाकली म्हणजे दुरुस्त झाली असे नाही.

एक सोपी परीक्षा करा. फूटभर लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिक भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक-दोन दिवस तसेच ठेवा. आतल्या बाजूला दव दिसले तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला दिसले तर ती खोलीतल्या हवेतली आहे. भिंतीतून येत असेल तर आधी वाट शोधा: गळके कौल, तडा गेलेली गच्ची, फुटका नळ किंवा बाहेरून भिंतीला लागून साचणारे पाणी. हवेतली असेल तर खिडक्या उघडा आणि ओले कपडे खोलीत वाळत घालू नका. भिंतीवर पांढरा लोणा फुटला असेल तर तो धुऊ नका, कारण पाण्याने तो पुन्हा आत मुरतो. कोरड्या ब्रशने झाडून काढा.

चुना: जुना आणि स्वस्त

ज्या भिंतीवर तेलरंग किंवा डिस्टेंपर नाही, तिला चुन्यासारखा सोबती नाही. चुन्याच्या थरातून भिंतीतली वाफ बाहेर पडते आणि त्याच्या क्षारगुणामुळे बुरशी सहजी धरत नाही. कळीचा चुना लोखंडी पिंपात भिजवा. तो भिजताना उकळतो, म्हणून प्लास्टिकची बादली नको आणि मुलांना जवळ फिरकू देऊ नका. एक दिवस मुरू द्या, कपड्यातून गाळा, थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ घाला. भिंतीवर आधी पाणी शिंपडा. मग दुधासारखे पातळ दोन-तीन हात द्या. एक जाड हात दिला तर त्याचे पोपडे निघतात. डोळ्यांवर चष्मा हवाच, चुन्याचा शिंतोडा डोळ्याला वाईट.

डिस्टेंपरच लावायचे असेल तर आधी हिशेब करा. 10 बाय 12 ची, 9 फूट उंचीची खोली घेतली तर चार भिंती मिळून 396 चौरस फूट होतात. दार-खिडकी वजा जाता साधारण 360. यातली 10 फुटी भिंत एकटी 90 चौरस फुटांची, म्हणजे खोलीचा चौथा हिस्सा. महागडा गडद रंग फक्त याच भिंतीला द्या आणि बाकीच्या फिक्या ठेवा. महागडा डबा एका भिंतीपुरता लागतो, खोलीही मोठी व उजेडाची वाटते. डब्यावर किती चौरस फुटाला पुरेल ते छापलेले असते, ते वाचूनच डबा घ्या.

स्वस्त साहित्य, उंची काम

कमी किमतीच्या वस्तूला कमी लेखू नये. औरंगाबादचा, आताच्या छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा पाहा. सतराव्या शतकात दिलरस बानो बेगम यांच्या स्मरणार्थ तो उभा राहिला. ताजमहालासारखा सगळीकडे संगमरवर तिथे नाही. संगमरवर मोजक्याच जागी आहे, बाकी दगडावर चुन्याचा तलम गिलावा आणि त्यात कोरलेली वेलबुट्टी. शोभा आली ती कारागिराच्या हातामुळे.

ती वेलबुट्टी कोरणे आपल्याला जमणार नाही, पण चांदणी जमेल. पुठ्ठ्याचे 6 इंची दोन चौकोन घ्या. एकावर दुसरा अर्धा काटकोन फिरवून ठेवा, आठ टोकांची चांदणी तयार. तिचा आकार जुन्या प्लास्टिक फाइलच्या कव्हरवर कापून घ्या, झाला छाप. दोऱ्याला गेरू लावून भिंतीवर सरळ रेषा मारा. स्पंज रंगात बुडवून जवळजवळ कोरडा होईपर्यंत टिपा आणि छापावर हलके थोपटा. जमिनीपासून तीन फुटांवर असा एक पट्टा फिरवला की खोलीचे रूप बदलते. सहावी-सातवीतल्या मुलांना हे काम द्या, भूमिती आपोआप पक्की होते.

कापड आणि बांबू

नवापूरचे रेल्वे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. त्याच रुळांवरून सुरत गाठता येते, म्हणून कापडाचे उरलेले तुकडे आपल्याकडे दुर्मीळ नाहीत. आईच्या निकाहची ओढणी पेटीत कसर खात पडली असेल तर तिचा जरीचा काठ भरतकामाच्या गोल रिंगेत ताणून बसवा. अशा लहान-मोठ्या तीन रिंगा एकत्र लावल्या की कोरी भिंत भरते. आठवडे बाजारातले बांबूचे सूप किंवा टोपली घ्या. काठाला एकाच रंगाची रेघ ओढा, वॉर्निश द्या आणि स्वयंपाकघराबाहेर टांगा. पैसा इथल्याच कारागिराच्या हातात जातो, हेही कमी नाही.

भाड्याचे घर असेल तर जागोजागी खिळे ठोकू नका. घरमालकाला विचारून एकच लाकडी पट्टी स्क्रूने बसवा आणि तिला हुक लावा. वस्तू बदलत राहा, भिंत शाबूत राहते. आपण बहुतेक घरांत गादीवर नाहीतर दस्तरखानावर बसतो. म्हणून फ्रेम उभ्या माणसाच्या नजरेला धरून लावू नका, बसलेल्याच्या नजरेला येईल अशी जरा खाली लावा.

आयतींचा अदब

कुरआनच्या आयती भिंतीवर असाव्यात असे अनेक भगिनींना वाटते. स्वस्त स्टिकर ओलीने सुटून जमिनीवर पडतात, त्यापेक्षा काचेची साधी फ्रेम बरी. ती फोडणीच्या धुरापासून दूर आणि उंच जागी असावी.

याहून सुंदर गोष्ट म्हणजे मुलांच्या हातचे लेखन. बांबूची काडी तिरकी कापून बोरू करा. खत्तातीत अक्षराची मापे त्याच कलमाच्या नुक्त्याने मोजतात. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न मुकला यांनी या मोजमापाला शिस्त लावली. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा हातकागद मिळाला तर उत्तम, नाहीतर साधा ड्रॉइंग पेपर चालेल. मुलीने महिनाभर सराव करून लिहिलेले 'बिस्मिल्लाह' बैठकीत लावा. पाहुण्यांनी विचारले तर सांगता येते, "हे आमच्या लेकीच्या हातचे."

कुठे थांबावे

हदीसमध्ये हजरत आयेशा (रजि.) यांच्या घरातल्या चित्रांच्या पडद्याची हकीकत येते. प्रेषितांना (स.) तो पडदा आवडला नाही, तेव्हा त्यांनी तो उतरवला. कापड वाया घालवले नाही, कापून त्याच्या उशा केल्या. भिंती भारी कापडाने मढवण्याबद्दलची नापसंतीही हदीसमध्ये आली आहे. म्हणून सजीवांची चित्रे टाळून वेल, पाने, चांदण्या आणि अक्षरे यांतच आपली कला रमवावी. नमाजची जागा असेल त्या समोरची भिंत कोरी ठेवावी, आरसा तर तिथे नकोच.

आणि कर्ज काढून भिंत सजवू नये. पाहायला येणाऱ्यांनी भिंतीवरून मुलीची पारख करावी असे आपल्याला वाटत नसेल, तर आपणही त्यांच्यासाठी भिंतीवर ऐपतीबाहेर खर्च का करावा? जमवलेले पैसे आधी गळक्या छपराला द्या, मग चुन्याला. त्यातून उरले तर त्या एका भिंतीच्या रंगाला. चांदणीचा छाप, रिंगेतली ओढणी आणि बोरूचे अक्षर यांना पैसे फारसे लागत नाहीत. एक रविवार आणि घरातले सगळे हात एवढेच लागते.